विडाल पॉझिटिव्ह आला म्हणजे टायफॉईडच ना? मग डेंगी कुठून आला? (सेकंड इयर, मायक्रो)

सेकंडइयर_सातारकर

नमस्कार मंडळी. एमबीबीएस सेकंड इयरला आहे, पुढच्या आठवड्यात मायक्रोची इंटर्नल आहे आणि साल्मोनेलावर (टायफॉईडच्या जंतूचं कुळ) येऊन गाडी रुतलीये. पुस्तक तीनदा वाचलं, पाठ झालंय पण डोक्यात शिरत नाहीये, आणि त्यात रूमवर असा घोळ झाला की जे पाठ होतं तेही हललं.

झालं असं की रूममेटला सोमवारी रात्री सणसणून ताप आला, मंगळवारी संध्याकाळी हॉस्टेलमागच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये विडाल (टायफॉईडच्या अँटीबॉडी बघायची रक्ताची टेस्ट) केली, रिपोर्टवर ओ १:१६०, एच १:१६० (ओ आणि एच हे जंतूचे दोन अँटीजेन, सिरम १६० पट पातळ केलं तरी त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी दिसल्या) आणि खाली लाल अक्षरात टायफॉईड पॉझिटिव्ह. लगेच इंजेक्शन सुरू. गुरुवारी अंगावर लाल पुरळ, प्लेटलेट ८० हजारांवर, तेव्हा कुठे कॉलेजच्या हॉस्पिटलला नेला तर एनएस१ पॉझिटिव्ह. डेंगी! आता बरा आहे, लोळत वेब सिरीज बघतोय.

पण माझे प्रश्न तसेच राहिले. पुस्तकात लिहिलंय अँटीबॉडी दुसऱ्या आठवड्यात येतात, मग तापाच्या दुसऱ्या दिवशी १:१६० कुठून आलं? दुसरं, टायफॉईडचा जंतू तोंडावाटे पोटात जातो, आजार आतड्याचा, मग स्टूल कल्चर (शौचातला जंतू वाढवून बघणं) तिसऱ्या आठवड्यात आणि ब्लड कल्चर पहिल्या आठवड्यात असं उलटं का? आणि तिसरं म्हणजे मागच्या व्हायवाला मॅडमनी विचारलं की विडालमध्ये टीओ, टीएच, एएच, बीएच (टी म्हणजे टायफी, ए-बी म्हणजे त्याचे भाऊबंद पॅराटायफी ए आणि बी) असतं मग एओ आणि बीओ का नसतं, मी नुसता बघत राहिलो. कोणीतरी समजेल असं सांगा प्लीज, रट्टा मारून झालाय.

रट्टा_क्वीन

अरे बासू लक्षात ठेव बस. बी म्हणजे ब्लड पहिला आठवडा, ए म्हणजे ॲग्लुटिनिन (विडालमधल्या अँटीबॉडी) दुसरा, एस स्टूल तिसरा, यू युरिन चौथा. इंटर्नलला एवढंच विचारतात. आणि विडाल भंगार टेस्ट आहे, कुठेही पॉझिटिव्ह येते, तिच्यावर डोकं लावू नको.

मायक्रो_रेसिडेंट

बासू बरोबर आहे पण ते उत्तर झालं, कारण नाही, आणि तो कारणच विचारतोय. बस जरा, लांबलचक लिहिते, ड्युटी संपलीये.

तुझ्या आजीला विचार, ती टायफॉईडला टायफॉईड म्हणणार नाही, मुदतीचा ताप म्हणेल. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा हा ताप तीन-चार आठवडे आपली मुदत भरून मगच उतरायचा, नाहीतर माणूस घेऊन जायचा. तुझं ते बासू म्हणजे ह्या मुदतीत जंतू कोणत्या आठवड्यात कुठे मुक्कामाला असतो त्याचा पत्ता आहे. पत्ता कळला की पाठ करायला काही उरत नाही.

आता जंतूच्या मागे मागे चल. दूषित पाण्यातून किंवा खाण्यातून आत गेला, पोटातल्या आम्लातून जे वाचले ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये पोचले. तिथे हा कॉलऱ्यासारखा आतड्याच्या पृष्ठभागावर बसून राहत नाही, भिंत ओलांडून आत पेयर्स पॅचमध्ये (आतड्याच्या भिंतीतले लिम्फ पेशींचे पुंजके) घुसतो, तिथून मेसेंटेरिक लिम्फ नोड, तिथून थोरॅसिक डक्टमधून रक्तात. ही पहिली फेरी, ह्यात पेशंटला काही कळतसुद्धा नाही. रक्तातून लिव्हर, स्प्लीन, बोन मॅरो इथल्या मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशींच्या) पोटात जाऊन बसतो आणि तिथेच वाढतो, म्हणजे ज्या पोलिसाने पकडायचं त्याच्याच चौकीत बिऱ्हाड. एक-दोन आठवडे असे गुपचूप जातात, तो इन्क्युबेशन पिरियड. मग तिथून जथ्थ्याने परत रक्तात उतरतो आणि ताप चढतो. म्हणजे तापाचा पहिला दिवस हा आजाराचा पहिला दिवस नाहीच, पण जंतू रक्तात सापडायचा हाच काळ, म्हणून पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर.

आता स्टूलचं. ह्या दुसऱ्या फेरीत जंतू गॉलब्लॅडरमध्ये पोचतो, पित्त त्याला भारी मानवतं (म्हणून तर आपण कल्चरला पित्त घातलेलं बाईल ब्रॉथ वापरतो, बाकीचे बरेच जंतू त्यात दबतात आणि हा मजेत वाढतो). पित्तातून तो परत आतड्यात पडतो, आधीच चिडलेल्या पेयर्स पॅचवर पुन्हा हल्ला, तिथे अल्सर, आणि मग भरपूर जंतू शौचातून बाहेर. ह्याला दोन-तीन आठवडे लागतात. रक्तस्राव किंवा आतडं फुटणं हेही तिसऱ्या आठवड्याच्या आसपास होतं ते ह्याच कारणाने. पॅथॉलॉजीत वाचलं असशील, टायफॉईडचा अल्सर आतड्याच्या लांबीला समांतर आणि टीबीचा आडवा, कारण पेयर्स पॅचच लांबट असतात. बघ, एकच गोष्ट दोन पेपरला कामी आली.

काही जणांच्या गॉलब्लॅडरमधून हा वर्षानुवर्षं जातच नाही, खासकरून खडे असतील तर. न्यूयॉर्कची ती स्वयंपाकीण मेरी मॅलन ऐकली असशील, स्वतः धडधाकट आणि जिथे स्वयंपाकाला जाईल तिथे टायफॉईड. १९०७ साली पकडली, १९१० ला स्वयंपाक करणार नाही ह्या बोलीवर सोडली, १९१५ ला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नाव बदलून सापडली आणि मग १९३८ ला मरेपर्यंत बेटावर एकटी ठेवली. तिला स्वतःला शेवटपर्यंत पटलं नाही की आपल्यात काही आहे.

मायक्रो_रेसिडेंट

आता विडाल. फर्नांड विडालने १८९६ ला ही पद्धत दिली, तेव्हा ती खरंच मोठी गोष्ट होती. पण ती जंतू शोधत नाही रे, ती तुझ्या शरीराची आठवण मोजते. रूममेटच्या सिरममध्ये ओ आणि एच विरुद्ध अँटीबॉडी आहेत एवढंच तिने सांगितलं. त्या ह्या तापातल्या की चार वर्षांपूर्वीच्या, हे ती सांगूच शकत नाही.

आपल्याकडे लहानपणापासून ह्या ना त्या साल्मोनेलाशी गाठ पडलेलीच असते, त्यामुळे ठणठणीत माणसाचंही टायटर (रिपोर्टवरचा तो अँटीबॉडीचा आकडा) थोडंफार असतंच. म्हणून प्रत्येक भागाने आपल्या निरोगी लोकांचं टायटर किती ते आधी बघायचं आणि त्याच्या वरचं ते महत्त्वाचं धरायचं असा नियम आहे. पुस्तकातला ओ १०० आणि एच २०० हा आकडा म्हणजे आकाशवाणी नाही. त्यात वर दुसराच ताप आला, डेंगी म्हण, मलेरिया म्हण, तर जुन्या आठवणी चाळवल्या जातात आणि एच थोडा काळ वर जातो. ह्याला ॲनॅम्नेस्टिक रिस्पॉन्स म्हणतात. तुझ्या रूममेटचं बहुतेक हेच झालं, किंवा ते टायटर आधीपासूनच तसं असेल.

एओ, बीओ का नाही ते सोपं आहे. टायफी, पॅराटायफी ए आणि पॅराटायफी बी तिघांच्याही ओ अँटीजेनमध्ये १२ नंबरचा फॅक्टर कॉमन आहे, त्यामुळे टीओ घेतलं की बाकीच्यांचंही थोडंफार त्यात येतं आणि वेगवेगळे घेतले तरी कोण कोणाचं ते कळणार नाही. एच मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणून टीएच, एएच, बीएच.

पॅथलॅब_काका

वर त्या ताईंनी भंगार टेस्ट म्हटलं ते वाचून हसू आलं. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून २२ वर्षं झाली, टेस्ट भंगार नसते हो, करणारा आणि करवून घेणारा भंगार असतो. (ताई, राग मानू नका.)

तुम्ही कॉलेजात ट्यूब विडाल शिकता. सिरम १:२०, १:४०, १:८० असं दुपटीने पातळ करत जायचं, एच ला निमुळत्या बुडाची ड्रेयर ट्यूब, ओ ला गोल बुडाची फेलिक्स ट्यूब, ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बघायचं. एच चा गठ्ठा कापूस पिंजल्यासारखा सैल, ट्यूब हलवली की लगेच विस्कटतो. ओ चा खडूच्या चुऱ्यासारखा, बुडाला चटईसारखा पसरतो. एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरणार नाही, नुसतं वाचून काय कळणार.

बाहेर गल्लीत ट्यूब कोण लावतंय? काचेवर सिरमचा थेंब, त्यावर किटमधला रंगीत अँटीजेनचा थेंब, हलवायचं आणि एका मिनिटात बघायचं. मिनिटात म्हणजे मिनिटातच. आता समोर २० पेशंट रांगेत, फोन वाजतोय, स्लाईड राहिली तीन-चार मिनिटं, कडेने वाळायला लागली की दाणे दिसतातच, आणि झाला टायफॉईड पॉझिटिव्ह. स्लाईडवर पॉझिटिव्ह आलं तर ट्यूबने टायटर बघा असं किटच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात जातो.

आणि पोरांनो एक गोष्ट, परीक्षेत विचारतात. दोन सॅम्पलमध्ये टायटर चौपट वाढलं तर ते खरं धरायचं असं पुस्तकात असतं, ती चौपट वाढ म्हणजे काय? पहिलं सिरम आणि आठ-दहा दिवसांनी दुसरं, ८० चं १६० झालं तर ती चौपट नाही, एका ट्यूबचा फरक तर हाताच्या चुकीतच जातो. ८० चं ३२० झालं, दोन ट्यूब पुढे गेलं, तर बोला. पण दुसरं सॅम्पल द्यायला पेशंट येतो कुठे, तोवर तो एकतर बरा झालेला असतो नाहीतर डॉक्टर बदललेला असतो.

तालुक्याचा_डॉक्टर

काकांचं शंभर टक्के पटलं. पण रेसिडेंट मॅडम, एक बाजू आमचीही ऐका. मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, २७ वर्षं झाली. ब्लड कल्चर लावायचं तर सॅम्पल जिल्ह्याला पाठवायचं, गाडी चुकली की दुसरा दिवस, रिपोर्ट चार-पाच दिवसांनी, खर्च पेशंटच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढा. समोर माणूस आठ दिवस तापाने फणफणलेला, जीभ मध्ये पांढरी आणि कडेला लाल, ताप १०३ आणि नाडी त्या मानाने संथ, पोट गच्च, स्प्लीन हाताला लागतोय. अशा माणसाचा आठव्या-नवव्या दिवशी ओ ३२० आला तर मी त्याला टायफॉईड समजूनच औषध देणार, आणि माझं फारसं चुकत नाही. दुसऱ्या दिवशी केलेली विडाल आणि नवव्या दिवशी केलेली विडाल ह्या दोन वेगळ्या टेस्ट आहेत असंच समजा.

खरी गोची म्हणजे पेशंटच सांगत येतो, डॉक्टर रक्त तपासा, टायफॉईड असेल. नाही तपासलं तर शेजारच्याकडे जातो. आणि रिपोर्ट हातात पडला की मग मी कितीही सांगितलं की अहो ह्याला अर्थ नाही, तरी घरचे म्हणतात कागदावर लिहिलंय ना.

अजून एक, टायफॉईड आणि टायफस ह्यात पोरं गोंधळतात, नावातच घोळ आहे. आमच्या भागात पावसाळ्यानंतर शेतातून आलेला तापाचा पेशंट असला तर मी त्याचं अंग उघडून बघतो, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीच्या जागी सिगारेटने चटका दिल्यासारखा काळा खपला दिसतोय का. दिसला तर स्क्रब टायफस, डॉक्सीसायक्लिन द्या, दोन दिवसांत ताप उतरतो. २०१८ ला विदर्भात ह्याने बरेच लोक दगावले. त्याची जुनी टेस्ट वाइल-फेलिक्स, तीही ॲग्लुटिनेशनच (जंतूंचे गठ्ठे होतात का ते बघणं), फक्त अँटीजेन चक्क प्रोटियस ह्या दुसऱ्याच जंतूचा वापरतात.

मायक्रो_रेसिडेंट

सर, नवव्या दिवसाची विडाल आणि सोबत असा क्लिनिकल पिक्चर असेल तर माझंही काही म्हणणं नाही. माझा राग दुसऱ्या दिवसाच्या विडालवर आणि त्यावर लगेच सुरू होणाऱ्या सेफ्ट्रायक्झोनच्या इंजेक्शनवर आहे. एकदा अँटिबायोटिकचा डोस गेला की ब्लड कल्चरमध्ये जंतू यायची शक्यता पडते, आणि अँटीबॉडीसुद्धा नीट चढत नाहीत, म्हणजे खरा टायफॉईड असला तरी नंतर सिद्ध करता येत नाही. दोन्हीकडून गेलं.

सातारकर, ब्लड कल्चरबद्दल एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते आणि वॉर्डात कोणी पाळत नाही. टायफॉईडमध्ये रक्तात जंतू फार कमी असतात, एका मिलिलिटरमध्ये जेमतेम एखादा, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त हवं. इंटर्न दोन मिली पाठवतात आणि कल्चर निगेटिव्ह आलं की आमच्या डिपार्टमेंटला नावं ठेवतात. बरं, सगळं नीट केलं तरी ब्लड कल्चर साधारण निम्म्या पेशंटमध्येच येतं. बोन मॅरो कल्चर जास्त खात्रीचं, अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही येतं, पण तापाच्या प्रत्येक माणसाला कोण मॅरो काढणार.

सेकंडइयर_सातारकर

बाप रे एवढं कोणी क्लासमध्येही सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, काका तुमचं चटई आणि कापूस तर डोक्यात फिट झालं. अजून दोन शंका आहेत, हसू नका. लहानपणी टायफॉईडची लस घेतलेल्याला विडाल पॉझिटिव्ह येईल का? आणि सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर (कोणत्या अँटिबायोटिकने जंतू मरतो ते बघायची) जेंटामायसिनभोवती चांगलं मोठं रिंगण दिसतं तरी रिपोर्टमध्ये देत नाहीत असं सिनियर म्हणाला, तो फेकत होता का?

मायक्रो_रेसिडेंट

सिनियर फेकत नव्हता. प्लेटवर जंतू उघड्यावर आहे, शरीरात तो मॅक्रोफेजच्या आत बसलाय. जेंटामायसिन पेशीच्या आत पुरेसं जात नाही, त्यामुळे प्लेटवर मरतो आणि पेशंटमध्ये मरत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनचंही तेच, प्लेटवर छान, पेशंटमध्ये फेल. म्हणून साल्मोनेलाला ही औषधं सेन्सिटिव्ह म्हणून रिपोर्टच करायची नाहीत असा नियम आहे. उलट सिप्रोफ्लॉक्सासिन पेशीत छान जातं, पण आपल्याकडच्या बहुतेक स्ट्रेननी त्याला दाद देणं सोडलंय. सध्या सेफ्ट्रायक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिनवर गाडी चालू आहे. पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रायक्झोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला, तिथे तोंडाने घ्यायचं औषध म्हणून ॲझिथ्रोमायसिनच हाताशी राहिलं. आता कळलं मी दुसऱ्या दिवसाच्या इंजेक्शनवर का चिडते ते?

लसीचं, कोणती लस त्यावर आहे. जुनी मेलेल्या अख्ख्या जंतूंची होती, तिच्यात ओ, एच सगळंच, त्यामुळे ती घेतलेल्याचं एच टायटर लांबपर्यंत वर राहायचं, जुन्या पुस्तकांतला तो इशारा तिथून आलाय. आता मुलांना देतात ती कॉन्जुगेट लस, तिच्यात फक्त व्हीआय म्हणजे कॅप्सूलची साखर, टिटॅनस टॉक्सॉइडला जोडलेली. ओ नाही, एच नाही, मग विडाल वर जायचं कारणच नाही. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ही लस द्यायची मोहीम काढली, सरकारी पातळीवर ही लस द्यायला सुरुवात करणारं जगातलं पहिलं शहर आपलं नवी मुंबई. व्हायवाला चान्स मिळाला तर टाक, एक्स्टर्नल खूश होतात.

रट्टा_क्वीन

ओके मी भंगार शब्द मागे घेते काका 🙏 पण मॅडम, व्हीआय कॅप्सूल ओ अँटीजेनला झाकून टाकतं ना, मग ताज्या वाढवलेल्या कॉलनीवर ओ सिरम टाकलं तर ॲग्लुटिनेशन येणार नाही? परवा प्रॅक्टिकलला आमच्या बॅचचं आलंच नाही आणि सरांनी आम्हालाच झापलं.

मायक्रो_रेसिडेंट

बघ, रट्टा मारणाऱ्याचं डोकंसुद्धा चालतं. बरोबर पकडलंस. कल्चरचं सस्पेन्शन उकळून घ्या, व्हीआय निघून जातं, मग ओ सिरम टाका. नाहीतर आधी व्हीआय सिरमने बघा. सरांना सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

पॅथलॅब_काका

सातारकर, अजून एक राहिलं. विडालसाठी रक्त काढलं की सिरम घेऊन गोठलेली गाठ फेकून देतात. फेकू नका. ती गाठ स्ट्रेप्टोकायनेजने विरघळवून बाईल ब्रॉथमध्ये टाकली की क्लॉट कल्चर झालं. एकाच सुईत विडालही आणि कल्चरही. आमच्या जुन्या सरांनी शिकवलेलं, आता कोणी करत नाही. आणि तुमचा तो रूममेट कसा आहे?

सेकंडइयर_सातारकर

तो मस्त आहे काका, प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्या. फक्त त्याच्या आईने त्या लाल अक्षरांच्या रिपोर्टचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, डेंगीचं सांगितलं तर म्हणतात दोन्ही झालं होतं पोराला. काल फॉलोअपला गेलो तर इंटर्नने विचारलं आधी कधी काही मोठा आजार, आणि हा गाढव म्हणाला, हो, टायफॉईड. त्याने लिहूनही घेतलं.